औषधाचं झुकतं माप

वजुभाईंच्या हाताला एक खोड होती. भावनगरात त्यांचं गाठियांचं दुकान. काटा पाव किलोवर आला, की हात आपोआप परातीकडे जायचा आणि मूठभर गाठिये वर पडायचे. "घ्या, पोरांसाठी." या मुठीवरच दुकान चाललंय, असं ते मानत. (या मुठीतच दुकान बुडणार, असं त्यांची बायको भानुबेन मानायची.)

भाचीच्या लग्नाला भानुबेन जुनागढला निघाली. चार वर्षांच्या लेकीला, हेलीला, शिंका येत होत्या, म्हणून तिला घरीच ठेवायचं ठरलं. "जमेल ना तुम्हाला?" असं भानुबेननं पुन्हा पुन्हा विचारलं, ते वजुभाईंना फार लागलं. एवढा माल तोलणाऱ्या माणसाला एक पोर जड होणार होती होय?

संध्याकाळी पोरीचं अंग तापलं आणि वजुभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानासमोरच्या औषधवाल्या किरीटभाईंनी तिचं वजन विचारलं. मुलांना तापाचं औषध वजनावर देतात म्हणे. वजनाचं नाव निघताच वजुभाईंना धीर आला. त्यांनी हेलीला बेसनाची पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. गिऱ्हाइकं अंदाज बांधू लागली. काटा चौदावर थांबला. पण स्वतःच्या पोरीला इतकं कोरडं माप? त्यांनी सोळा सांगून टाकलं.

किरीटभाईंनी बाटलीबरोबर आलेल्या मापाच्या टोपणावर पेनानं खूण करून दिली. इथवर, थेंबभर जास्त नको.

घरी वजुभाईंनी श्वास रोखून खुणेपर्यंत औषध ओतलं. हेली मलूल डोळ्यांनी बघत होती. त्यांना भडभडून आलं, आणि हातानं आपलं काम केलं. वर एक धार पडली. टोपण पोरीच्या ओठांशी नेलं, तोच भानुबेनचा फोन. तापाचं आणि खुणेचं त्यांनी तिला वाटेतच कळवलं होतं.

"खुणेवर थांबलात ना?"

"खुणेवर. आणि वर थोडं."

लग्नातल्या सनईपासून बाजूला होत भानुबेन हळूच म्हणाली, "अहो, ती पोर आहे आपली, गिऱ्हाईक नाही. वजन किती सांगितलंत?"

वजुभाईंनी मनात बेरीज केली. वजनात वर थोडं, औषधात वर थोडं! त्यांनी टोपण असं झटक्यात मागे ओढलं, की सगळं औषध सदऱ्यावर सांडलं. पोरीच्या पोटात थेंबही गेला नव्हता. तिला कडेवर घेऊन ते पुन्हा किरीटभाईंकडे गेले, खरं वजन सांगितलं, पोटभर बोलणी खाल्ली आणि नवी खूण करून आणली. या खेपेला टोपण ओट्यावर ठेवलं आणि बाटलीचा हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून ओतलं.

सकाळी ताप उतरला. हेली उठताच गाठिये मागू लागली, तेव्हा वजुभाईंना नाचावंसं वाटलं. तिला मांडीवर घेऊनच ते दुकानात बसले.

पहिलं गिऱ्हाईक गोमतीबा. काटा पाव किलोवर आला. वजुभाईंचा हात परातीकडे निघाला, दचकला आणि मागे आला. त्यांनी पुडी बांधली.

गोमतीबांनी पुडी हातात तोलून पाहिली. "वजु, मी गाठिये घ्यायला आलेय. औषध समोर मिळतं."

वजुभाई खुलासा करणार, तोच हेलीनं परातीत हात घातला आणि चिमुकली मूठ पुडीवर रिकामी केली.

"घ्या, पोरांसाठी."

गोमतीबा खूश झाल्या. जाताजाता म्हणाल्या, "वजु, उद्यापासून हिलाच बसव. तू घरी बसून शिंका काढ."