काकांच्या तोंडाचा म्हातारा

परीक्षितनं ठरवलं, म्हाताऱ्याला काकांचाच चेहरा लावायचा. एवढाच निर्णय. त्यात कुणाचं काही बिघडणार नाही, असं त्याला वाटलं. (कॉलेज सोडतानाही असंच वाटलं होतं.)

म्हाताऱ्याची कल्पना शेजारच्या ग्लोरिया मावशींची. त्या इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल बंदराच्या. तिकडे वर्ष संपताना घरोघरी जुन्या कपड्यांत रद्दी आणि भुसा कोंबून सरत्या वर्षाचा पुतळा करतात, त्यालाच म्हातारा म्हणतात. ज्याच्यावर राग असेल त्याचं तोंड त्याला लावतात, दारात खुर्चीवर बसवतात आणि एकतीस डिसेंबरला जाळतात. मंत्री, साहेब, सासरा, कुणीही चालतो. आणि कुणी रागावत नाही. इतका सुसंस्कृत देश परीक्षितनं ऐकलाच नव्हता.

त्याचा राग दिगंबरकाकांवर होता. त्यानं मिशिगनमधल्या ॲन आर्बरची युनिव्हर्सिटी सोडली तेव्हा बापानं, म्हणजे मनोहररावांनी, "माझ्या घरात फुकटे नकोत" म्हणून दार दाखवलं आणि काकाच त्याला पार दक्षिणेला, अल्फारेटाच्या आपल्या घरी घेऊन आले, हे खरं. पण सहा महिने रोज सकाळी पोह्यांबरोबर एक लेक्चर. शेवटचं असं: "दोन हजार चार संपायच्या आत बापाला फोन कर. नाहीतर एक तारखेला गाडीत घालून तिथं सोडून येतो." या पिढीला वाटतं, अमेरिकेत एक घर आणि दोन टोयोटा घेतल्या की दुसऱ्याच्या आयुष्यावर बोलायचं लायसन्स मिळतं. परीक्षित फोन करणार नव्हता. चूक बापाची होती, ती बापानं कबूल करावी.

त्यानं काकांचा पासपोर्ट फोटो मोठा करून पुतळ्याला चिकटवला. ऑफिसातून आलेले काका पुतळ्यासमोर थांबले.

"हा मी का?"

"कस्टम आहे, काका. इक्वाडोरची."

काका आत गेले आणि स्वतःची माकडटोपी आणून पुतळ्याला घातली. "थंडी आहे रे."

(असल्या माणसावर धड रागावताही येत नाही.)

काकांची इशिता बारा वर्षांची, जन्म इथलाच. तिनं सजावट मनावर घेतली. आजोबांच्या फोटोला चंदनाचा हार होता. तो छान दिसतो, एवढंच तिला ठाऊक. कुणाला घालतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. (दर रविवारी संस्कार वर्गाला पाठवत होते, तरी.) तिनं तो पुतळ्याच्या गळ्यात घातला, क्लोजअप काढला आणि समस्त नातेवाइकांना ईमेल ठोकला: "गुडबाय बाबा. बर्निंग उद्या संध्याकाळी पाचला. एव्हरीवन वेलकम." मग इंटरनेटचं डायल-अप कनेक्शन तसंच सोडून झोपली, त्यामुळे घरचा फोन एंगेज. काकांचा मोबाइल नेहमीप्रमाणे बंद, बॅटरी वाचवायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लोरिया मावशी म्हणाल्या, म्हाताऱ्याला विधवा पाहिजे. तिकडे तरुण पोरंच काळे कपडे घालून विधवा होतात, रस्त्यावर रडतात आणि गाड्या अडवून चिल्लर मागतात. त्यामुळे उल्काकाकूंच्या संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेत, तोंडावर पदर ओढून, परीक्षित ड्राइव्हवेच्या तोंडाशी बसला आणि त्यानं गळा काढला.

मिशिगनच्या नंबर प्लेटची गाडी करकचून थांबली.

बारा तास ड्राइव्ह करून आलेले मनोहरराव उतरले आणि सरळ त्याच्याशेजारी काँक्रीटवर बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "रडू नका." मग स्वतःच रडायला लागले.

परीक्षितनं आवाज वाढवला. दुसरं काय करणार?

"दादानं माझ्या पोराला सांभाळलं, वहिनी. दर रविवारी मला फोन करून सांगायचा. जेवतो, हसतो, मिशी ठेवलीय, इशिताला गणित छान शिकवतो. मी नुसतं हं म्हणायचो. एकदा थँक यू म्हटलं नाही. आणि पोराला काय तोंड दाखवू? त्याला हाकलला, चूक माझीच."

याच वाक्याची परीक्षित सहा महिने वाट बघत होता. त्यावर द्यायचं झणझणीत उत्तरही इंग्रजीत तयार होतं. पण रोज पोह्यांवर लेक्चर झोडणारा काका रविवारी आपली एवढी तारीफ करायचा? आता तो खरोखरच रडत होता.

"बाबा," विधवा म्हणाली, "सॉरी."

मनोहररावांनी पदर वर केला. आत मिशी.

तेवढ्यात दार उघडून दिगंबरकाका चहाचा ट्रे घेऊन आले. "मन्या? अरे, कधी आलास? चहा घे."

मनोहरराव एकदा विधवेकडे, एकदा काकांकडे आणि एकदा खुर्चीतल्या हारवाल्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी भावाला ट्रेसकट मिठी मारली. चहा चंद्रकळेवर.

"थँक यू, दादा," ते म्हणाले.

"माझंही," परीक्षित म्हणाला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"बरं बरं," काका म्हणाले. "फोनचे पैसे वाचले."

इशितानं विचारलं, बर्निंग अजून ऑन आहे ना. ऑन होतं. मागच्या अंगणात काडी मनोहररावांनी लावली. जरा निवांत झाल्यावर त्यांनी मुलाला नखशिखांत न्याहाळलं.

"साडी मात्र सुरेख नेसलास. काहीतरी शिकलास म्हणायचं."

"कसलं शिकतोय, भावजी," काकू म्हणाल्या. "अर्धा तास शिकवत होते. निऱ्यांपर्यंत आला आणि सोडून दिलं. पुढची सगळी मी नेसवली."