गाल बदलणारी दाढ

वायरमनने डाव्या गालात कापसाचा बोळा कोंबला, आरशात बघून थोडा कण्हला आणि बायकोकडे वळला.

"कसा दिसतोय?"

"दाढ काढल्यासारखा. आता आईंसमोर फार बोलू नकोस."

बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सगळं गाव तिला बाईच म्हणे. बेत आखावा तर बाईंनीच. धाकटीच्या बाळंतपणात त्या मरता मरता वाचल्या होत्या. आणखी एक बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि गोळ्यांनी त्यांचा रक्तदाब चढायचा. "दोन्ही वेळा मी टेबलावर झोपले, आता तुझा नंबर," बाई म्हणाल्या. वायरमननेही आढेवेढे न घेता आदल्या दिवशी नसबंदी करून घेतली. तो विजेला भीत नसे, ऑपरेशनला भ्याला नाही, भ्याला तो फक्त आईला. धाकधूक बाईंनाही होतीच. 'माझ्या धडधाकट मुलाला कापायला पाठवलंस?' असं सासूबाईंनी विचारलं असतं, तर इतक्या वर्षांचा गोडवा एका दिवसात नासला असता. म्हणून ही दाढ.

नाश्त्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग गॅस संपला.

"अरे, दारातला सिलिंडर तेवढा आत आण," सासूबाईंनी हाक मारली.

"आई, दाढ..."

"दाढेने उचलायला कोण सांगतंय? हाताने उचल!"

बाई पदर खोचून धावल्या. पण त्यांच्याआधी सासरे पेपर टाकून उठले आणि सिलिंडर घरंगळवत आत घेऊन गेले. एरवी या गृहस्थांना पाण्याचा पेलासुद्धा हातात लागायचा. सासूबाई बघतच राहिल्या.

दुपारी जेवायला वायरमनने बोळा काढला आणि जेवण झाल्यावर घाईघाईत उजव्या गालात कोंबला.

"काय रे, सकाळी सूज डावीकडे होती ना?"

"पसरते कधी कधी, आई," बाई मध्ये पडल्या.

"पसरते? मग डावीकडची कुठे गेली?"

गणितात बाईंना असं कोणी कधी अडवलं नव्हतं. सासूबाईंनी बॅटरी आणली. "आ कर." त्यांनी आत सगळीकडे उजेड पाडला. "सगळ्या दाढा जागच्या जागी! ऊठ बघू. चालून दाखव."

वायरमन दोन पायांत उशी धरल्यासारखा चालला. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाई नवऱ्याच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "आई, यांना काही बोलू नका. नसबंदी करून आलेत. मीच सांगितलं होतं. माझा जीव राहावा म्हणून यांनी केलं, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही."

"लाज कशाला वाटायला हवी?" सासूबाई कडाडल्या आणि मुलाकडे वळल्या. "मला राग आलाय तो या गलथानपणाचा! तुझी ताई झाल्यावर तुझे बाबाही असेच गुपचूप करून आले होते. त्यांनीही दाढच सांगितली. पण निदान जाताना खरी दाढ काढून घेतली होती!"

सासरे पेपरमागून ओशाळं हसले. दाढांच्या रांगेत मागची एक जागा रिकामी होती.

बाईंना हसावं की सासूबाईंच्या गळ्यात पडावं, कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू नीट ऐक. तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलंय ना? तोवर दोघांनी जपायचं, आणि तपासणी चुकवायची नाही. हे गेले नव्हते."

"मग काय झालं?" वायरमनने तोंडातला बोळा काढून विचारलं.

सासूबाईंनी बॅटरी बंद केली.

"मग तू झालास."