साडेदहाला खाली बसणारी शाळा

नांदूरखेड्याची जिल्हा परिषदेची शाळा रोज सकाळी साडेदहाला खाली बसत असे. दाराला तीन पायऱ्या होत्या आणि सोपान काकडे या शिंप्याच्या मुक्ताची चाकाची खुर्ची त्या चढत नव्हती. उतार बांधण्याचं अनुदान कुठेतरी वाटेतच होतं. शेवटी शाळेने आपल्याच भिंतीवर डकवलेलं परिपत्रक वाचलं. कायद्याने एकही मूल दाराबाहेर राहता कामा नये, असं त्यात होतं. ती बसली. मुक्ता आत गेली की शाळा प्रार्थनेला पुन्हा उठे. या उठबशीने गिलावा तडकायचा. त्याची डागडुजी दरसाल दिव्यांग सुविधांच्या खर्चात रीतसर दाखवली जाई.

श्रावणात मुक्ता तापाने गेली. शाळा बसतच राहिली.

मार्चअखेरीला विस्तार अधिकारी बोराडे तपासणीला आले. मूलच नाही, तर हा खर्च मंजूर कसा करायचा, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी 'गरज संपली' असं लिहून दिलं, की शाळेला उभं राहण्याचा लेखी आदेश काढता येणार होता. सोपानला दुकानातून बोलावणं गेलं. गळ्यातली टेप काढायचंही त्याला सुचलं नाही.

"कागद साधाच आहे, काकडे," साहेब म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

सोपानने पेन घेतलं, पण ते कागदाला टेकेना.

मुख्याध्यापिका निकमबाई पुढे झाल्या. "साहेब, परिपत्रकात मुक्ताचं नाव कुठंय? एकही मूल, असं लिहिलंय. जूनला पहिलीत कोण येईल, मला काय ठाऊक?"

"आज कुणी आहे का?"

"आज तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून आलात. पायरी लागली?"

साहेबांनी आठवून पाहिलं. नव्हती लागली. पण अधिकाऱ्याला मूल धरता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. जूनपर्यंत थांबायला मात्र त्यांची हरकत नव्हती. वडिलांनी तसं काही लिहून द्यावं.

सोपानने लिहिलं, 'माझी मुलगी चार वर्षं या दारातून कुणीही न उचलता आत गेली. शाळेचा आभारी आहे. गरज संपलेली नाही.'

"आभाराला रकाना नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी तो कागद फाइलला नीट टाचला.

सोपान निघाला. प्रार्थना केव्हाच झाली होती, शाळा उभी होती. तो दाराशी आला तशी ती सावकाश खाली बसली. सोपानच्या पायांना काही झालेलं नव्हतं. तरी तो फाटकाबाहेर पडेपर्यंत शाळा उठली नाही.