बदली बाबा

"अख्ख्या शहराच्या बस मी वेळेवर पळवतो. दोन पोरींचं सत्र म्हणजे माझ्या हातचा मळ!"

शाळेचं नवं सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मिनिटसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून ही घोषणा केली. बस डेपोत फेऱ्यांचं वेळापत्रक लावायचं त्यांचं काम, म्हणून तिथे सगळे त्यांना मिनिटसाहेब म्हणत. घरी मात्र किती वाजले हेसुद्धा त्यांना कुणी विचारत नसे.

"या सत्रातलं आपापलं ध्येय सांगा. पटकन!"

"शाळेच्या रिले संघात यायचं," आठवीतली थोरली म्हणाली. गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली होती आणि आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडली होती.

"मला निवांत जेवायचंय," धाकटी म्हणाली.

"हे काय ध्येय झालं?"

"रोज कुठे जमतंय?"

बाबांनी धाकटीला परस्पर 'सुवाच्य अक्षर' हे ध्येय देऊन टाकलं आणि तक्ता करायला घेतला. संध्याकाळपर्यंत भिंत भरली. अभ्यास, सराव, शिकवणी, अक्षर, पुन्हा अभ्यास. मध्ये मुंगी शिरायला जागा नाही!

"अहो, पोरी आहेत त्या, गाड्या नव्हेत," आई म्हणाली.

"गाड्या कुरकुरत नाहीत, एवढाच फरक!"

पहिला आठवडा झकास गेला. बाबा डेपोत कॉलर ताठ करून फिरले. मग खेळाच्या बाईंनी निवड चाचणीचा दिवस बदलला आणि ती नेमकी गणिताच्या शिकवणीवर येऊन आदळली.

"मी शिकवणी बुडवते," थोरली म्हणाली.

"फेरी रद्द? माझ्या वेळापत्रकात? अगं, गाडी बिघडली की डेपो काय करतो? बदली गाडी सोडतो! शिकवणीला मी बसतो. टिपणं घेतो, मध्येच उठतो, बस पकडतो आणि मैदानावर हजर!"

"नक्की ये हं बाबा. पालकांनी समोर सही केल्याशिवाय बाई नाव घेत नाहीत."

"माझी बस कधी चुकलीय?"

झालं! बाबा शिकवणीच्या पहिल्या बाकावर बसले. बाक आठवीचा, बाबा चाळिशीचे, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागले होते. मागे मुलींची खसखस चालू होती. गणिताच्या बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. दोन बस एकाच वेगाने समोरासमोरून निघतात, तर त्या कुठे भेटतील?

बाबांचा हात वर!

"बाई, बस कधीच एका वेगाने धावत नाही."

"गणितात धावते."

"मध्ये सिग्नल नाही? प्रवासी चढणार नाहीत?"

"प्रवासीच नाहीत!"

"मग गाडी सोडली कशाला? डिझेल काय फुकट येतं?"

मुली बाक बडवायला लागल्या. बाबांनी खडू घेतला आणि फळाभर थांबे, चौक, सिग्नल काढले. बाई आधी लालबुंद झाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "मला सांगा, माझी बस रोज उशिरा का येते हो?"

असं विचारल्यावर बाबांना जग दिसेनासं होतं! ते समजावत राहिले, बाई टिपणं घेत राहिल्या. तेवढ्यात मैदानावरून पळत आलेली धाकटी दारात धापा टाकत उभी.

"बाबा! ताई सहीसाठी खोळंबलीय! खेळाच्या बाई यादी बंद करतायत!"

बाबांच्या हातून खडू पडला. ते धावत थांब्यावर आले. मागोमाग सगळा वर्ग.

"घाबरू नका! बारा नंबर आत्ता येईल. मीच लावलीय!"

बारा नंबर आली, अगदी ठरल्या वेळी. बाबांनी हात केला. बस तश्शीच पुढे गेली! चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "माफ करा साहेब! नव्या वेळापत्रकात थांबायला वेळच ठेवला नाहीत तुम्ही!"

आता पायांशिवाय वाहन नव्हतं. पुढे बाबा, मागे धाकटी, तिच्यामागे खिदळत अख्खी शिकवणी आणि शेवटी वही छातीशी धरून गणिताच्या बाई.

थोरली मैदानाच्या फाटकाशी उभी होती. डोळे डबडबलेले.

"पहिली आले मी, बाबा. पण सहीच नाही…"

"आण तो कागद!"

श्वास पुरत नव्हता. बाबांनी सवयीने भराभर कागद भरला, सही ठोकली आणि मटकन गवतावर बसले. खेळाच्या बाईंनी चष्मा वर केला आणि मोठ्यांदा वाचलं,

"विद्यार्थिनीचे नाव: बारा नंबर, जलद. शेरा: वेळेवर सुटली."

सगळ्यांत आधी हसू फुटलं ते थोरलीलाच! हसता हसता रडली, रडता रडता बाबांच्या गळ्यात पडली. "बाई, मीच ती! घ्या ना नाव!"

खेळाच्या बाईंनीही हसू दाबत ते नाव संघाच्या फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. सत्रभर शाळेने थोरलीला 'बारा नंबर' म्हणून डोक्यावर घेतलं. मिनिटसाहेबांनाही तिथे सगळे ओळखतात. बस चुकलेले काका म्हणून!