फ्रिजइतका आवाज

समाजाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की एका साध्या नागरिकाला पुढे व्हावंच लागतं. डॉक्टरांच्या मिस्टरांनी हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं, आवडलं म्हणून पुन्हा म्हटलं, आणि मग पुढे होऊन स्वयंपाकघरातला फ्रिज भिंतीपासून ओढायला घेतला. कमरेत सणकन चमक भरली. समाजाला थोडं थांबावं लागलं.

मिस्टरांना स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त बँकेला माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ते डॉक्टरांचे मिस्टर. डॉक्टर म्हणजे त्यांची बायको. दातांची डॉक्टर आणि त्यांच्या वॉर्डाची नगरसेविका. तोंड कधी उघडायला लावायचं आणि कधी मिटायला, हे ज्ञान तिला दोन्हीकडे उपयोगी पडायचं. मिस्टरांना तिचा भयंकर अभिमान होता. तिच्या प्रत्येक यशात आपला हात असावा, अशी त्यांची इच्छा होती. हात नको, असं तिने अनेकदा सांगितलं होतं.

सध्या प्रश्न होता डेटा सेंटरचा. वसाहतीच्या मागच्या मोकळ्या जागेवर एक कंपनी ते बांधणार होती.

“म्हणजे नेमकं काय रे?” मिस्टरांच्या आईने विचारलं होतं. तिच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच जागेवर उघडायची.

“आई, जगभरातल्या लोकांचे फोटो, हिशेब, निरोप, सगळं साठवायचं गोदाम. आत यंत्रं असतात. ती तापतात. म्हणून ती रात्रंदिवस गार ठेवावी लागतात.”

“म्हणजे फ्रिजच की!”

“फ्रिज नाही गं आई!” मिस्टर म्हणाले. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्यांना कल्पना नव्हती.

खरं सांगायचं तर नगरपालिकेचं कौतुक करावं तेवढं थोडं. दिव्याचा खांब कोणाच्या दारात, यावरून एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं आता सभेत ‘डेसिबल’ म्हणत होती. पाणी किती वापरायचं, भिंत किती उंच, झाडं कुठली, सगळ्यावर भांडून भांडून नियम तयार झाला होता. अडलं होतं फक्त आवाजाच्या कलमावर. कंपनीचे साहेब, एक अतिशय नम्र तरुण गृहस्थ, म्हणाले होते, “आवाज घरातल्या फ्रिजइतकाच राहील.” सभासदांना हे फार आवडलं. फ्रिज सगळ्यांच्या घरी होता. एवढंच कलमात घालून मोकळं व्हायचं ठरत होतं.

तेवढ्यात डॉक्टर उठली. “कुठल्या फ्रिजइतका? मला आकडा हवा. सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीत मोजलेला.”

“डॉक्टर, आकडे कशाला? फ्रिज म्हणजे फ्रिज!” एक सभासद म्हणाले.

त्यावर अध्यक्षांनी हात वर केला. अध्यक्षांचं आयुष्य फर्निचरच्या दुकानात गेलेलं. नमुना बघितल्याशिवाय मत नाही, ही त्यांनी सभागृहाला लावलेली शिस्त. बागेत बाकं घ्यायची? बाक आणा, आळीपाळीने बसू. गटाराचं झाकण? आणा, वर उभे राहू. बसथांब्याचं छप्पर तर अख्खं सभागृहात आणवलं होतं, आणि सगळ्यांनी त्याखाली उभं राहून बस न येण्याचा अनुभव घेतला होता.

“पुढच्या सभेत फ्रिज आणा,” अध्यक्ष म्हणाले. “ऐकू. मग मतदान.”

प्रेक्षकांत बसलेल्या मिस्टरांचे डोळे चमकले. कारण त्यांच्या घरचा फ्रिज! लग्नात आलेला. सुरू होताना तो उंट उठावा तसा हिसका द्यायचा, चालताना चढावरच्या ट्रकसारखा धापा टाकायचा आणि बंद होताना असा सुस्कारा सोडायचा, की पाहुणे विचारायचे, “आत कोणी आजारी आहे का?”

“अहो, मी आवाज मोजायचं मीटर नेणार आहे,” डॉक्टर म्हणाली. “फ्रिज नको.”

“अगं, मीटर आकडा दाखवतं. फ्रिज काळजाला भिडतो!”

दुखऱ्या दातात लवंग धरून चार महिने काढलेल्या पेशंटकडे ती बघायची, तशी तिने नवऱ्याकडे बघितलं. पण तिला दवाखान्यात जायचं होतं. आणि दुपारी टेम्पो आला.

फ्रिज उभा मावेना. “आडवा घालू का?” टेम्पोवाला म्हणाला. “आडवा घाल, उभा घाल, पण वेळेवर पोचव!” मिस्टर गरजले.

सभागृहात कंपनीच्या साहेबांनी आपला फ्रिज आधीच उभा केला होता. पांढराशुभ्र, दुधाने धुतल्यासारखा. चालू आहे की नाही हे कळायला दार उघडून दिवा बघावा लागत होता.

“आता ऐका!” मिस्टरांनी आपल्या फ्रिजचा प्लग लावला आणि दोन पावलं मागे सरून छाती पुढे काढली.

शांतता.

पाहुण्यांसमोर ‘कविता म्हण’ म्हटल्यावर घरात दिवसभर कोकलणारं पोर जसं गप्प होतं, तसा फ्रिज गप्प उभा. मिस्टरांनी प्लग हलवला, बटण फिरवलं, मग हळूच कुजबुजले, “अरे, घरच्यासारखा वाग ना!”

“मिस्टर, आवाज जरा कमी करा हो,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. “बोललेलं ऐकू येत नाही!”

सभागृह हसून लोळलं. कंपनीचे साहेब मनापासून म्हणाले, “उत्तम फ्रिज आहे. आमचाही आवाज साधारण एवढाच असेल.”

मिस्टरांचा चेहरा उतरला. बायकोचं कलम त्यांनी स्वतःच्या हाताने बुडवलं होतं, टेम्पोचं भाडं भरून! आईची खिडकी, वसाहतीची झोप, सगळं एका मुक्या फ्रिजपायी चाललं होतं. डॉक्टर मीटर घेऊन उठली, तर अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर, नमुना ऐकला. म्हणजे, ऐकू आला नाही, हेही ऐकलं. आता मतदान घेऊ.”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“माझे डोळ्यांचे थेंब कुठायत?”

मिस्टरांची आई! दारावरच्या शिपायाला न जुमानता ती सरळ आत आली, अख्ख्या नगरपालिकेच्या मधून चालत गेली आणि फ्रिज उघडला. “हे बघ! थेंब आत, अर्धा कोबी आत, दूध सांडलेलं! फ्रिज न्यायचा तर रिकामा करावा एवढीही अक्कल नाही?”

“आई, सभा चालू आहे.”

“सभा चालू आहे, मग हा बंद का?”

“बिघडलाय बहुतेक.”

“बिघडतोय कसला! आडवा आणलास ना? रुसलाय.” आणि थेंबांची बाटली पदरात बांधत, गेली कित्येक वर्षं रोज द्यायची तसा तिने त्याला कमरेने एक धक्का दिला.

उंट उठला! फ्रिजने असा हिसका दिला, की वरचे दिवे एकदा लखलखले आणि गेले. माईक गेला. एसी गेला. पांढराशुभ्र फ्रिजही गेला. क्षणभर काहीच ऐकू येईना, आणि मग खिडकीखाली नगरपालिकेचा जनरेटर सुरू झाला.

अध्यक्षांच्या समोरचा पाण्याचा पेला टेबलावरून चालत निघाला. खिडकीच्या काचा दात वाजवायला लागल्या. एक ज्येष्ठ सभासद, जे निवडून आल्यापासून प्रत्येक सभेत झोपत, ते पहिल्यांदाच दचकून जागे झाले आणि सवयीने ओरडले, “अनुमोदन!”

“काय?” अध्यक्ष ओरडले.

“कशाला?” बाकीचे ओरडले.

या गोंधळात एकच माणूस शांत होतं. डॉक्टरने मीटर पर्समध्ये टाकलं आणि ती कंपनीच्या साहेबांच्या कानाशी गेली.

“वीज गेली की तुमच्याकडे काय चालतं?”

“जनरेटर!”

“असे किती?”

“काय?”

“जनरेटर किती?”

साहेबांनी छातीत हवा भरली. त्याच क्षणी खाली वायरमनने फ्यूज बसवला, दिवे आले, जनरेटर गप्प झाला, आणि त्या स्वच्छ, निर्मळ शांततेत साहेबांचा आवाज घुमला:

“चाळीस!”

पेला टेबलाच्या काठाशी येऊन थांबला.

“चाळीस म्हणजे,” अध्यक्ष सावकाश म्हणाले, “हा एक, आणि असे आणखी एकोणचाळीस?”

इथे साहेबांचंही कौतुक करायला हवं. त्यांना सारवासारव करता आली असती. पण त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, “हो. आणि वीज गेली नाही तरी चाचणीसाठी अधूनमधून सुरू करावे लागतात.”

“कधी?” डॉक्टरने विचारलं. अगदी मऊ आवाजात. ‘दुखतंय का?’ असं विचारायची तशी.

“पहाटे,” साहेब म्हणाले.

पुढे फार बोलावं लागलं नाही. डॉक्टरने उपसूचना मांडली: फ्रिज हा शब्द काढावा, आकडा घालावा, तो सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीत मोजावा, जनरेटरही त्यात धरावेत, चाचणी भर दुपारी आणि वसाहतीला आधी कळवून. एकमताने मंजूर! ज्येष्ठ सभासदांनी या वेळी जागेपणी अनुमोदन दिलं.

“नमुना पाहिला,” अध्यक्ष म्हणाले, आणि पाण्याचा पेला उचलून घटाघटा प्यायले.

घरी जाताना मिस्टरांना टेम्पोत जागा पुरेना, इतकी छाती फुगली होती. “बघितलंस? माझी योजना!”

“तुमची योजना फ्रिज वाजवायची होती.”

“वाजला ना शेवटी? आईने वाजवला, पण आणला कोणी?”

डॉक्टर हसली. मिस्टर तिच्याकडे बघत राहिले. बाई केवढी हुशार! मीटर एकदाही वापरलं नाही, आणि अख्खं सभागृह फिरवलं.

डेटा सेंटर यथावकाश उभं राहिलं. उंच भिंत, झाडं, सगळं नियमाप्रमाणे. मग एक दिवस नगरपालिकेचे अधिकारी मीटर घेऊन मोजायला आले. सर्वांत जवळची खिडकी म्हणजे आईची. अर्धी वसाहत खोलीत दाटीवाटीने उभी.

“कोणी बोलू नका,” अधिकारी म्हणाले. मीटर खिडकीत धरलं. “अरेरे. आकडा मर्यादेच्या वर जातोय.”

“म्हटलं नव्हतं मी?” मिस्टर उसळले. “या कंपन्या अशाच! अगं, बोलाव सभा! या वेळी मी स्वतः...”

“थांब जरा,” आई म्हणाली. ती शेजारच्या स्वयंपाकघरात गेली. आतून एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला. आकडा झरझर खाली उतरला.

अधिकाऱ्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि अहवाल लिहिला. डेटा सेंटरचा आवाज मर्यादेत होता. फ्रिजचा नव्हता.