माणिकआप्पांचं कच्चं ताट

माणिकआप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि दर बुधवारी न चुकता ते मासळीच्या हॉटेलात जाऊन बसतात. हे ऐकून कुणीही हसतं. मीही हसलो होतो. आमच्या गल्लीत आप्पांवरचा पहिला विनोद माझाच, आणि त्याचा मला बरेच दिवस अभिमानही होता.

आमची त्यांची भिंतीला भिंत. आप्पा मूळचे रेणापूरकडचे, लातुरात शाळामास्तर म्हणून रिटायर झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटेच असतात. औसा रोडला नारकरमामांचं ‘दर्या’ हॉटेल आहे. मामा रत्नागिरीचे. बुधवारी सकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून बर्फात घातलेल्या मासळीचा खोका उतरतो, आणि तो उघडायच्या वेळेला आप्पा खुर्ची ओढून पुढ्यात बसलेले असतात.

“डोळा बघू द्या आधी,” ते म्हणतात. मग एकेका माशाच्या डोळ्यात डोळा घालून निकाल लावतात. “ह्यो पास. ह्यो पास. ह्यो बांगडा परवाचा दिसायलाय मामा, बाजूला काढा त्याला.” या माणसाने जन्मात मासळी चाखलेली नाही. मामांच्या घरच्यांनी शिकवलं तेवढंच ज्ञान. पण आप्पांनी नापास केलेला मासा मामा खरोखरच कुणाला वाढत नाहीत.

तपासणी झाली की कोपऱ्यातलं टेबल आणि एकच ऑर्डर. “माझं कच्चं आणा.” कांदा, मुळा, काकडी, घोळाची पालेभाजी, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं आणि अख्खं लिंबू. ज्याला आच लागली ते ताटात नको. कुणी माळेकडे बोट दाखवलं की उत्तर तयार असे, “कच्च्याला विटाळ न्हाई.” जुन्या लोकांचा हा नियमच होता. कोरडा शिधा कुणाच्याही घरचा चालतो, चूल मध्ये आली की जातपात येते.

पुढे गंमत झाली. जेवायला येणाऱ्या डॉक्टर मंडळींनी आप्पांचं ताट पाहिलं आणि आम्हालाही तसंच द्या म्हणाले. मग क्लासला पोरं ठेवायला आलेले आईबाप मागू लागले. मामांनी बोर्डच बदलला, ‘ताजी समुद्री मासळी व कच्चे ताट’. आप्पांनी खाली उभं राहून बोर्ड दोनदा वाचला आणि मान डोलावली.

मीही बुधवारी जाऊ लागलो. एक सुरमईसाठी आणि एक आप्पांची फिरकी घ्यायला. “आप्पा, मुळा नीट शिजलाय ना?” असं काहीतरी दर वेळी नवीन. ते शांतपणे काकडी चावत म्हणत, “सुधाकरराव, तुमची जीभ लई मोकाट हाय. दावं बांधा तिला.” आणि दोघंही हसत असू.

खोक्यात मासळीची यादी असलेली एक चिठ्ठी यायची. सुरमई चार, बांगडे पंधरा, पापलेट सहा. मामांचं काम झालं की आप्पा ती मागून घेत, चष्मा लावून वाचत, घडी करून वरच्या खिशात ठेवत. मास्तरांना कागदाची हौस असते, असं मी समजत होतो. एकदा आप्पा नसताना मामांना विचारलं, तर मामा हात पुसत जवळ येऊन बसले.

“खोका शिवकन्याच्या घरचा येतो,” ते म्हणाले. “अक्षर तिचं आहे.”

शिवकन्या ही आप्पांची एकुलती एक लेक. झेडपीची मास्तरीण म्हणून रत्नागिरीकडे नोकरी लागली आणि तिथेच मासळीचा धंदा असलेल्या घरात तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. तेव्हा चार माणसांत आप्पा म्हणाले होते, “तुझ्या हातचं शिजलेलं माझ्या तोंडी लागायचं न्हाई.” लग्न मला माहीत होतं, आप्पांचं बोलणंही माहीत होतं. ज्या हाताला धरून त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, त्या हातची बांगड्यांची यादी ते दर बुधवारी पत्रासारखी वाचतात, हे मला माहीत नव्हतं. एकदा मामांनी अशाच एका चिठ्ठीत शेंगदाणे बांधून दिले होते आणि आप्पांनी अक्षर ओळखलं, तेव्हापासूनचं हे सगळं.

मला फार लाज वाटली. दोन बुधवार मी आप्पांची फिरकी घेतली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका बुधवारी खोक्याबरोबर शिवकन्या स्वतः उतरली. घरी ये असं आप्पांनी कधी म्हटलं नव्हतं, म्हणून ती घरी गेली नाही, हॉटेलात आली. मामांच्या स्वयंपाकघरात तिने पदर खोचला. आप्पा नेहमीसारखे आले, माशांचे डोळे तपासले, पण त्या दिवशी एकही मासा नापास झाला नाही. आतून तुरीच्या वरणाला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास येत होता. मग तिने ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं. वरण, भात, वर तूप.

“आप्पा, नवं पातेलं आणलंय. मासळीचा हात लावला न्हाई कशालाच.”

आप्पा ताटाकडे बघत राहिले. भाताची वाफ त्यांच्या चष्म्यावर धरली. आणि त्यांचा हात उचलला गेला. मी पाहिलं, बोटं भातात गेली, घास कालवला गेला. त्या वेळी मी माझ्या सुरमईकडे बघायला हवं होतं.

“म्हणजे आज शिजलेलं चाललं म्हणायचं!” मी म्हणालो. “मग माझ्या सुरमईनं काय पाप केलंय आप्पा? घ्या एक तुकडा.”

शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं हसली. आप्पांचा हात तिथेच थांबला. त्यांनी बोटं ताटाच्या कडेला पुसली आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, “माझं कच्चं आणा.”

 शिवकन्याने वरणभातावर दुसरं ताट पालथं घातलं, आत जाऊन काकडी चिरली, कांदा फोडला, लिंबू पिळून आणून ठेवलं. आप्पांनी ते सगळं खाल्लं. ती समोर बसून बघत होती. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा पाया पडून म्हणाली, “येते आप्पा.”

“हाव. सावकाश जा.”

ती रिक्षात बसून गेली. हॉटेल रिकामं झालं. मला उठून जायचं होतं, पण उठवत नव्हतं. आप्पांनी पालथं ताट बाजूला केलं. तूप थिजून भातावर पांढरं झालं होतं. मघाचा कालवलेला घास तसाच कडेला होता, तो त्यांनी आधी उचलला. मग शेवटच्या शितापर्यंत सगळं ताट संपवलं, आणि मामांना म्हणाले, “मीठ बरोबर झालंय. कळवा तिला.”

जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. मी काहीतरी तिखट ऐकायच्या तयारीने बसलो होतो.

“सुधाकरराव,” आप्पा म्हणाले, “गरम असताना लई गोड लागलं असतं, न्हाई?”

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.