वेणूबाईसाहेबांच्या चिमण्या गाडीची हकीकत

श्री. वाटेस नमन, वळणास नमन, आणि वळणापलीकडून न दिसता येणाऱ्यास दुरूनच नमन. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, श्रावणमासी ढग घाटात उतरून राहिले, ते समयी वर्तमान घडले ते ऐसे जे, राजधानी डोंगरमाथ्यावर, आणि सरदारांच्या गाड्या इतक्या थोर की मागल्या बाकावर जावयास मध्ये एक मुक्काम पडे, आणि पुढल्या दिव्यांत पारवे नांदत, आणि राज्याची रीत ऐसी की सरदाराने गाडी मागे घेणे म्हणजे रणातून पळणे, सबब दोन गाड्या समोरासमोर आल्या तर तिथेच चुली मांडीत. त्याच राज्यात वेणूबाईसाहेब म्हणून बाई, वय साठ, यांची गाडी इतकी लहान की फणसाखाली लाविली तर फणसच मोठा दिसे, आणि डिकीत एक डबा नि एक छत्री, तिसरी वस्तू आली तर छत्रीने मांडीवर यावे. बाई रोज दुपारी घाट उतरत, कारण पायथ्याशी थोरली बहीण ताराऊ, तिची नजर गेलेली, आणि वेणूबाईंनी भात कालवून दिल्यावाचून ती घास घेत नसे.

मग हुकूम निघाला की लहान गाड्या जिवास धोका, सबब जप्त कराव्या. तेव्हा वेणूबाई दरबारी उभ्या राहिल्या आणि बोलल्या, "महाराज, जप्त करा, पण आधी कुणी बसून तरी पाहा." महाराजांस ते पटले, आणि सरदार धारराव यांस आज्ञा जाहली की घाट उतरून पाहावे आणि उद्या सांगावे, तुम्ही म्हणाल ते होईल.

धारराव देहाने भरभक्कम. आधी ते बसले, मग गुडघे आत घेतले, मग पागोटे मांडीवर घेतले, मग दार लागले. बाईंनी पट्टा बांधविला आणि भर दिवसा दिवे लाविले.

"दिवसा दिवे कशाला, वेणूबाई?"

"मोठ्यांना आपण दिसत नाही, सरदार. आपण आहोत हे आपणच सांगायचं."

आणि गाडी ढगात शिरली. ढग इतका दाट की बाईंनी काच खाली करून तो हाताने बाजूस सारिला, आणि गाडी इतकी हलकी की वाऱ्याने तिला अलगद उचलून तेरड्याच्या फुलांवरून नेले आणि पुन्हा रस्त्यावर ठेविले, ऐसे पाहणारे सांगतात. पाहणारे दोघेच, त्यांत एकाचे डोळे मिटलेले. मग सातव्या वळणावर वाट बंद. सरदार नागोजीरावांची गाडी आणि समोर दुसरी थोर गाडी, काल रात्रीपासून नाकाला नाक लावून उभ्या, आणि मधल्या जागेत चाकर लोक कांदे चिरीत बसलेले. वेणूबाई नागोजीरावांच्या मागे क्षणभर थांबल्या, मग मान वळवून गाडी मागे घेऊ लागल्या.

"वेणूबाई, माघार?" धारराव कासावीस जाहले.

"ढगात रांगेच्या शेपटाला उभं राहायचं नाही. पत्रा पातळ आहे माझा."

धाररावांनी पागोट्यात तोंड लपविले, आणि गाडी मागे मागे जाऊन डोंगरातल्या ओहोळाच्या खोबणीत जाऊन बसली. मग चार श्वास गेले नाहीत तो ढगातून दगडांनी भरलेला ट्रक ब्रेक रडवीत उतरला, यांच्या नाकासमोरून गेला, आणि नागोजीरावांच्या गाडीवर मागून आदळला. मागला बाक पुढल्या बाकास भेटला. नागोजीराव पुढे निजले होते, ते जागे होऊन म्हणाले, "चहा आला का रे?" कोणास खरचटलेही नाही.

धाररावांनी पागोट्यातून तोंड काढून पुसिले, "आपण तिथे असतो तर?"

"पापड."

"म्हणजे गाडी धोक्याची."

"आहेच. म्हणून तर मी तिथे नव्हते."

मग ढग विरळला, आणि दरडीकडे तीन हात वाट मोकळी दिसली, तीतून गाडी मांजरासारखी निघून गेली, आणि ताराऊ वेळेवर जेवली.

दुसरे दिवशी दरबार भरला. महाराजांनी पुसिले, "गाडी धोक्याची की नाही?"

"धोक्याची आहे, महाराज."

वेणूबाईंनी मान खाली घातली.

"मग नागोजीरावांवर ट्रक आदळला म्हणतात, तुम्ही वाचलात कसे?"

आता धाररावांच्या घराण्यात सात पिढ्या कोणी मागे हटले नव्हते. दैवाने वाचलो म्हणते तर त्यांची अब्रू राहती आणि गाडी जाती. त्यांनी बाईंकडे पाहिले. बाई खिडकीतल्या उन्हाकडे पाहत होत्या, ऊन जेवणवेळेपाशी येऊन ठेपले होते.

"बाईंनी गाडी मागे घेतली," धारराव म्हणाले. "आणि मी आत बसलो होतो."

पंखा ओढणाराही थांबला.

"किती मागे?"

"चौदा हात."

महाराज पुढे वाकून हळूच बोलले, "अवघड असतं का हो ते? आमच्या गाडीला तो गिअर आहे म्हणतात. कधी हात लावला नाही."

हुकूम फिरला, गाडी राहिली, आणि वेणूबाई मुजरा अर्धाच करून घाटाकडे धावल्या.

"उशीर केलास," ताराऊ म्हणाली.

"दरबारात अडकले होते."

"कालव आता."

येणेप्रमाणे चिमण्या गाडीचे वर्तमान. गाडी नाजूक, हे खोटे नाही. घाट अरुंद, हेही खोटे नाही. आणि त्या श्रावणात सरदार मंडळी पहाटे पहाटे, कोणी पाहत नाही ऐसे बघून, अंगणात गाड्या हात हात मागे घेत होती, हे तर अगदीच खरे.